एनपी, व्हीपी, एस: फीचर स्ट्रक्चरच्या व्याकरणात हे संक्षेप नेमके काय सांगतात

प्रश्न असा आहे: व्याकरणातला प्रत्येक पदबंध फीचर स्ट्रक्चर म्हणून, म्हणजे फीचर आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांची रचना म्हणून मांडायचा ठरल्यावर वाक्याच्या वृक्षाच्या नोडांवर पुन्हा एनपी (नामपदबंध), व्हीपी (क्रियापदबंध), एस (वाक्य) कशासाठी लिहितात? या अक्षरांचा नेमका विस्तार काय? आणि स्वतःच्या व्याकरणासाठी संक्षेपांचा तक्ता करायचा, तर तो कसा करावा?

आधी मूळ मुद्दा. या पद्धतीच्या व्याकरणात एनपी हा घटक नाही, ते एक वर्णन आहे. नियमांना आणि शब्दकोशातल्या नोंदींना एनपी दिसत नाही. त्यांना दिसतात हेड (पदबंधाच्या मुख्य शब्दाची माहिती), विशेषकाची यादी, पूरकांची (कर्मासारख्या पदांची) यादी, विभक्ती, लिंग, वचन. एनपी हे अक्षर वाचणाऱ्याच्या सोयीचे आहे: ‘या नोडावर निदान एवढी माहिती आहे’ असे ते सांगते. ‘निदान’ हा शब्द घट्ट धरून ठेवा. संक्षेपात जे लिहिलेले नाही ते मोकळे असते, रिकामे नसते. या विषयातल्या बहुतेक चुका मोकळे आणि रिकामे यांची गल्लत झाल्याने होतात.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी १९७० मध्ये नाम, क्रियापद आणि विशेषण या वर्गांची फोड दोन द्विमूल्य फीचरांत केली: नाम म्हणजे +एन −व्ही, क्रियापद म्हणजे −एन +व्ही, विशेषण +एन +व्ही; पूर्वपद (प्रिपोझिशन) −एन −व्ही हे त्यात पुढे जोडले गेले. गॅझ्डार, क्लाइन, पुलम आणि सॅग यांच्या १९८५ च्या जीपीएसजीमध्ये (जनरलाइज्ड फ्रेज स्ट्रक्चर ग्रामर) वर्ग म्हणजे सरळ फीचर-मूल्यांचा संच झाला. तिथे एनपी म्हणजे +एन, −व्ही आणि बार २ (बार म्हणजे पदबंधाची पातळी). व्हीपी आणि एस या दोघांचेही बार २ च. फरक फक्त सब्ज (कर्ता भरला आहे का) या फीचरचा, एसमध्ये धन आणि व्हीपीमध्ये ऋण. पोलार्ड आणि सॅग यांच्या १९९४ च्या एचपीएसजीमध्ये (हेड-ड्रिव्हन फ्रेज स्ट्रक्चर ग्रामर) बार हे फीचरच गेले. पदबंध किती पुरा झाला आहे हे सबकॅट या, अजून लागणाऱ्या पदांच्या यादीवरून कळू लागले: यादी रिकामी असलेले क्रियापद म्हणजे एस, एकच घटक उरलेले क्रियापद म्हणजे व्हीपी. त्याच मांडणीच्या शेवटच्या प्रकरणात या एका यादीच्या जागी कर्ता, विशेषक आणि पूरके यांच्या वेगळ्या याद्या आल्या.

म्हणजे ‘व्हीपी’ हे अक्षर तेच राहिले आणि त्याचा विस्तार निदान तीनदा बदलला. कोणताही लेख वाचताना पहिले काम हे की त्यातला विस्ताराचा तक्ता शोधायचा. तो नसेल, तर लेखक कोणत्या मांडणीत लिहितो आहे हे यादीच्या फीचरांवरून ओळखायचे. एलएफजीचा (लेक्सिकल फंक्शनल ग्रामर) लेख असेल तर आणखी सावध राहा. तिथे घटकरचनेच्या वृक्षावरचा एनपी हा खराच वर्ग असतो, कारण विभक्ती, लिंग, वचन ही माहिती कार्यरचनेत वेगळी ठेवलेली असते. अक्षर तेच असले तरी त्याचा दर्जा तिथे वेगळा असतो.

आता विस्तार. पुढे सगळीकडे मी दोन याद्या धरतो: एसपीआर म्हणजे विशेषकाची यादी (कर्ता आणि निर्धारक तिच्यातच) आणि कॉम्प्स म्हणजे पूरकांची यादी. ⟨ ⟩ म्हणजे रिकामी यादी, क्ष म्हणजे कोणतेही एक पद, आणि नॉम म्हणजे विशेषक अजून बाकी असलेला नामपदबंध.

एस = [हेड क्रियापद; एसपीआर ⟨ ⟩; कॉम्प्स ⟨ ⟩]
व्हीपी = [हेड क्रियापद; एसपीआर ⟨क्ष⟩; कॉम्प्स ⟨ ⟩]
एनपी = [हेड नाम; एसपीआर ⟨ ⟩; कॉम्प्स ⟨ ⟩]
नॉम = [हेड नाम; एसपीआर ⟨क्ष⟩; कॉम्प्स ⟨ ⟩]
व्ही = [प्रकार शब्द; हेड क्रियापद]
एन = [प्रकार शब्द; हेड नाम]

या सहा ओळींत जे नाही ते बघा. एसमध्ये क्रियापद आख्यात आहे की धातुसाधित, हे नाही. एनपीमध्ये विभक्ती नाही, लिंग-वचन नाही. एकाही ओळीत गॅप, म्हणजे आतून हललेल्या पदाची नोंद, नाही. व्हीपीच्या एसपीआरमध्ये क्ष आहे, एनपी नाही. हे मुद्दाम आहे. तिथे एनपी लिहिले, तर ज्या क्रियापदाचा कर्ता ‘की’ने सुरू होणारे उपवाक्य असते त्याचा पदबंध व्हीपी ठरणार नाही आणि विनाकारण नवा संक्षेप करावा लागेल.

प्रत्यक्ष पदबंध मात्र असा अर्धवट नसतो. १९९४ च्या मांडणीत भाषेतली वस्तू पूर्ण असते, म्हणजे तिच्या प्रकाराला लागू असलेल्या प्रत्येक फीचरला ठाम मूल्य असते. अर्धवट असते ते आपले वर्णन. ‘मुलीने’ या पदाला विभक्ती आहेच; आपण नोडावर नुसते ‘एनपी’ लिहिले तेव्हा ती सांगितली नाही, इतकेच.

एक वाक्य जवळून पाहू: ‘मुलीने पत्र लिहिले.’ ‘लिहिले’ हा शब्द, हेड क्रियापद, एसपीआर ⟨एनपी[विभक्ती ने]⟩, कॉम्प्स ⟨एनपी[विभक्ती प्रथमा, नपुंसकलिंग, एकवचन]⟩. क्रियापदाचे रूप कर्माला जुळते, म्हणून लिंग-वचन कॉम्प्समधल्या घटकावर. ‘पत्र’ जोडले की कॉम्प्स रिकामी होते, एसपीआरमध्ये ने-कर्ता उरतो: नोडावर व्हीपी. ‘मुलीने’ जोडले की दोन्ही रिकाम्या: एस. कर्म ‘कविता’ केले तर क्रियापद ‘लिहिली’ होते आणि वरच्या नोडांची अक्षरे जशीच्या तशी राहतात. म्हणजे व्याकरण ज्या माहितीवर चालते तिच्यातली मोठी माहिती लेबलात येतच नाही.

म्हणूनच ‘एस → एनपी व्हीपी’ हा नियम नाही, नियमाचे चित्र आहे. खरा नियम असा: [एसपीआर ⟨ ⟩] → [१], हेड[एसपीआर ⟨[१]⟩, कॉम्प्स ⟨ ⟩]. मराठीत सांगायचे तर, डावीकडचे पद हे हेडच्या एसपीआर यादीतल्या घटकाशी एकरूप असले पाहिजे. हा [१] म्हणजे टॅग, एकाच रचनेची खूण; तो दोन जागी आहे म्हणूनच ‘मुलगी गेला’ बाद होते. ‘गेला’च्या यादीत पुल्लिंगी प्रथमेतला कर्ता आहे आणि ‘मुलगी’ त्याच्याशी एकरूप होऊ शकत नाही. नियम संक्षेपांतच लिहून प्रोग्रामला दिला तर तो [१] गळतो आणि ‘मुलगी गेला’ बिनदिक्कत एस ठरते. नवशिक्यांच्या व्याकरणात अन्वय (लिंग-वचनाची जुळणी) अचानक चालेनासा होतो तेव्हा पहिली तपासणी इथे करा: नियमात टॅग आहेत की नुसती अक्षरे?

आता तक्ता करताना घ्यायचे निर्णय.

पहिला निर्णय: संक्षेपाचा विस्तार कोणत्या प्रकारच्या वस्तूत होतो. १९९४ च्या मांडणीत वृक्षाच्या नोडावर पूर्ण चिन्ह असते, त्यात ध्वनिरूपही येते. आणि सबकॅट यादीत असते फक्त सिनसेम, म्हणजे वाक्यरचना आणि अर्थ यांचा भाग. लेखात दोन्ही जागी ‘एनपी’च लिहितात. माणूस संदर्भावरून समजून घेतो, प्रोग्राम घेत नाही. तुमचा एनपी सिनसेममध्ये विस्तारत असेल तर नोडासाठी त्याच्या आधी मार्ग जोडावा लागतो. हे सुरुवातीला ठरवले नाही, तर ‘या प्रकाराला हे फीचर लागू नाही’ असा निरोप शेकड्यांनी येतो आणि चूक शब्दकोशात आहे असे वाटत राहते. माझा कल विस्तार सिनसेममध्ये करण्याकडे आहे, कारण संक्षेप सर्वांत जास्त वापरले जातात ते यादीत, निवडीसाठी.

दुसरा निर्णय: कंसात काय जाते. एस[आख्यात], एनपी[विभक्ती ने], व्हीपी[ऊ-रूप] (ऊ-रूप म्हणजे ‘लिहू’, ‘झोपू’सारखे) असे लिहिताना कंसातले मूल्य कोणत्या मार्गावर बसते ते तक्त्यात नोंदवा. आख्यात हे हेडमधल्या रूप या फीचरचे मूल्य, ने हे हेडमधल्या विभक्तीचे, स्त्रीलिंग हे अन्वयाच्या किंवा निर्देशांकाच्या आत. फीचरचे नाव गाळून नुसते मूल्य लिहायचे असेल तर ते मूल्य सबंध व्याकरणात एकाच फीचरचे असले पाहिजे. ‘प्रथम’ हे पुरुषाचेही मूल्य आणि विभक्तीचेही, असे झाले की एनपी[प्रथम] दोन तऱ्हांनी वाचता येते. विभक्तीसाठी ‘प्रथमा’ आणि पुरुषासाठी ‘पुरुष१’ अशी वेगळी नावे ठेवली की प्रश्न मिटतो.

कंसाचा आणखी एक नियम काटेकोर पाळावा: कंस भर घालतो, मोडत नाही. एनपी[विभक्ती ने] चालते, कारण एनपीने विभक्ती मोकळी ठेवली होती. एस[कॉम्प्स ⟨एनपी⟩] चालत नाही, कारण एसमध्ये कॉम्प्स रिकामी असल्याचे आधीच सांगितले आहे. एकीकरण केले, म्हणजे दोन्ही वर्णनांची माहिती एकत्र आणली, तर ते तिथेच फसते. छापील लेखांत अशी लिखाणे दिसतात. लेखकाच्या मनात ‘एससारखे, पण एक पूरक उरलेले’ असे असते. वाचणारा ते समजून घेतो, पण तुमच्या तक्त्यात असा अपवाद शिरला की संक्षेपाचा अर्थ प्रत्येक जागी वेगळा होतो.

मराठीत ही अडचण रोजची आहे, कारण पदक्रम बराच मोकळा आहे. ‘पत्र मुलीने लिहिले’ या वाक्यात दोन-दोन पदे जोडत गेलो तर आधी ‘मुलीने लिहिले’ हा नोड तयार होतो: [हेड क्रियापद, एसपीआर ⟨ ⟩, कॉम्प्स ⟨एनपी⟩]. वरच्या तक्त्यातला एकही संक्षेप याला लागत नाही. एस नाही, कारण पूरक बाकी आहे. व्हीपी नाही, कारण कर्ता भरला आहे. इथे तीन मार्ग आहेत. एक, क्रियापदाने सगळी पदे एकदम घ्यावीत असा सपाट नियम करायचा; मग व्हीपी हा नोड आख्यात वाक्यात येणारच नाही आणि त्याचे लेबल तिथे शोधत बसायचे नाही. दोन, या अवस्थेला स्वतंत्र नाव द्यायचे आणि तक्त्यात त्याची ओळ लिहायची. तीन, लेबल न देता पूर्ण चौकोनी कंस लिहायचा. हस्तलिखितात मी तिसरा मार्ग पसंत करेन. तो लांब आहे, पण खोटे सांगत नाही. चौथा मार्ग लोक सर्रास घेतात आणि तो टाळावा: अशा नोडाला ‘एस/एनपी’ म्हणणे. जीपीएसजीपासून चालत आलेल्या रूढीत तिरकी रेघ म्हणजे गॅप: आतून एक एनपी हललेला आहे. कॅटेगोरियल व्याकरणात तीच रेघ म्हणजे उजवीकडे एनपी मिळाला की एस होईल असा घटक. तुमचा नोड या दोन्हींपैकी काहीच नाही.

गॅपबद्दल इथेच सांगून टाकतो. एसच्या विस्तारात गॅप मोकळी ठेवलेली आहे, म्हणून एस/एनपी हे कायदेशीर भर घालणे ठरते: एस आणि शिवाय गॅप ⟨एनपी⟩. पण त्याचा अर्थ असाही की नुसते ‘एस’ लिहिलेल्या नोडात गॅप असू शकते. ‘वाक्य पूर्ण झाले का’ हे तपासताना नोडावर एस आहे एवढे बघून भागत नाही. प्रारंभ चिन्हाची, म्हणजे पूर्ण वाक्य म्हणून स्वीकारायच्या नोडाची, अट वेगळी लिहावी लागते: एस, आख्यात रूप आणि गॅप ⟨ ⟩. ही शेवटची अट विसरली की पार्सर (वाक्याचे विश्लेषण करणारा प्रोग्राम) अर्धी वाक्येही पूर्ण म्हणून स्वीकारतो, आणि वृक्षावर सगळी लेबले बरोबर दिसत असल्याने दोष सापडायला वेळ लागतो.

तिसरा निर्णय शब्द आणि पदबंध यांच्या सीमेचा. ‘झोपू’ हा एकटा शब्द आहे, पण त्याला पूरक लागत नाही आणि कर्ता बाकी आहे. म्हणजे तो व्हीचे वर्णन पुरे करतो आणि व्हीपीचेही. ‘ती’ हे सर्वनाम तसेच एनही आहे आणि एनपीही. यात काही बिघडलेले नाही. दोन वर्णने एकाच वस्तूला लागू शकतात. पण अनेकांना ते खटकते आणि ते व्हीपीच्या विस्तारात ‘प्रकार पदबंध’ अशी अट घालतात. त्याचा परिणाम पाहा. ‘लागणे’ या साहाय्यक क्रियापदाला पूरक म्हणून व्हीपी[ऊ-रूप] हवा असे शब्दकोशात लिहिले आहे. ‘मुलगी पत्र लिहू लागली’ चालते, कारण ‘पत्र लिहू’ हा पदबंध आहे. ‘मुलगी झोपू लागली’ बाद होते, कारण ‘झोपू’ हा शब्द आहे! उपाय दोनच: एका शब्दावर चढणारा नियम घालून प्रत्येक अकर्मक क्रियापदाचा पदबंध करायचा, किंवा व्हीपीमधून ती अट काढायची. मी अट काढतो. एकेरी नियमाने प्रत्येक वृक्ष एका पायरीने उंच होतो आणि त्या पायरीवर सांगण्यासारखे काहीच नसते.

चौथा निर्णय टॅग आणि निर्देशांक यांचा, आणि इथे थोडे थांबायला हवे. [१]एनपी म्हणजे सबंध रचना एक: विभक्ती, लिंग, वचन, अर्थ, सगळे. एनपी_क म्हणजे फक्त निर्देशांक एक, म्हणजे दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात. बाकी फीचरे वेगळी असू शकतात. ‘मुलीने स्वतःला आरशात पाहिले’ या वाक्यात ‘मुलीने’ आणि ‘स्वतःला’ यांना एकच [१] दिला, तर विभक्ती ने आणि विभक्ती ला एकरूप होऊ शकत नाहीत आणि वाक्य बाद ठरते. इथे एनपी_क हेच योग्य.

उलट बाजूचे उदाहरण जास्त शिकवणारे आहे: ‘मुलीला घर आवडू लागले.’ ‘लागणे’ला स्वतःहून ला-कर्ता लागत नाही, ‘मुलगी झोपू लागली’मध्ये तो प्रथमेत आहे. इथला ‘ला’ आला आहे ‘आवडणे’कडून. म्हणजे वरच्या क्रियापदाचा कर्ता आणि खालच्या क्रियापदाचा कर्ता यांची सबंध रचना एक असली पाहिजे: एसपीआर ⟨[१]⟩, कॉम्प्स ⟨व्हीपी[ऊ-रूप, एसपीआर ⟨[१]⟩]⟩. नुसते एनपी_क लिहिले तर विभक्ती वर पोचणार नाही. तेच ‘मुलीने पत्र लिहायचा प्रयत्न केला’मध्ये मात्र निर्देशांक पुरतो: ‘मुलीने’ची विभक्ती ‘केला’ने दिली आहे आणि ‘लिहायचा’चा कर्ता ती फक्त अर्थाने आहे. संक्षेपातला एवढासा फरक दोन वेगळ्या प्रकारच्या क्रियापदांची व्याख्या करतो.

याच वाक्यात व्हीपी या लेबलाचा आणखी एक आंधळा कोपरा दिसतो. ‘लागले’ नपुंसकलिंगी आहे, कारण ते ‘घर’ला जुळते. ‘मुलीला कविता आवडू लागली’ म्हणा आणि ते बदलते. पण ‘घर आवडू’ हा पदबंध बनला तेव्हा त्याची कॉम्प्स यादी रिकामी झाली. ‘घर’ बाहेरून दिसत नाही. ‘लागले’ला अन्वय कुठून मिळणार? उत्तर असे की ‘आवडू’च्या हेडमध्ये अन्वयाचे फीचर हवे, ते त्याच्या पूरकाच्या लिंग-वचनाशी टॅगने बांधलेले हवे, आणि हेडमध्ये असल्याने ते व्हीपीवर चढते. ऊ-रूप स्वतः लिंग-वचनाने बदलत नाही, म्हणून हे फीचर तिथे आहे असे कुणाला सुचत नाही, आणि व्हीपी या अक्षरात तर ते दिसतच नाही. अशा वेळी संक्षेप बाजूला ठेवून तो एक नोड पूर्ण विस्तारून लिहावा. सगळा वृक्ष विस्तारण्याची गरज नसते. ज्या नोडावरून माहिती जायला हवी आणि जात नाही, तेवढाच.

‘मुलीने’ला एनपी म्हणायचे की पीपी (शब्दयोगी पदबंध), हेही तक्त्यातच ठरते. ‘ने’, ‘ला’ हे विभक्तिप्रत्यय मानले तर एनपी[विभक्ती ने]. त्यांना शीर्षपद मानून नामाला त्यांचे पूरक केले तर पीपी[पीफॉर्म ने]; पीफॉर्म म्हणजे ते शीर्षपद कोणते याची नोंद. दुसऱ्या मार्गाने गेलात तरी सामान्यरूपाचे फीचर नामात ठेवावे लागतेच, कारण ‘मोठी मुलगी’चे ‘मोठ्या मुलीने’ होताना विशेषणही बदलते. मग विभक्ती आणि पीफॉर्म अशी दोन फीचरे सांभाळावी लागतात. ‘साठी’, ‘वर’, ‘खाली’ यांच्यासाठी पीपी हवाच. दोन्ही मांडण्या मराठीसाठी टिकतात. न टिकणारी गोष्ट म्हणजे एका क्रियापदाच्या नोंदीत एनपी[विभक्ती ला] आणि दुसऱ्याच्या नोंदीत पीपी[पीफॉर्म ला].

नॉमचे काय? मराठीत ‘पत्र’ एकटेच पुरे असते, निर्धारक सक्तीचा नाही. ‘हे’, ‘ते’, ‘एक’ यांना तुम्ही विशेषणासारखे जोड मानले तर नामाची एसपीआर कायम रिकामी राहते आणि नॉमचे वर्णन कोणत्याच नोडाला लागत नाही. मग ती ओळ तक्त्यातून काढून टाका. एसपीआर ⟨(निर्धारक)⟩ असे लिहायचे असेल, तर तो गोल कंस हाही संक्षेपच आहे हे ध्यानात ठेवा. तो दोन नोंदींच्या जागी एक लिहितो आणि विस्तारताना दोन्ही लिहाव्या लागतात.

‘की’ची उपवाक्ये थोडक्यात. १९९४ च्या मांडणीत असे पद मार्कर (नुसती खूण करणारे पद) असते, उपवाक्याचे हेड क्रियापदच राहते, म्हणून लेबल एस आणि कंसात मार्करची खूण. पुढे सॅग, वासो आणि बेंडर यांच्या २००३ च्या मांडणीत ते पद स्वतः हेड होते आणि उपवाक्याला सीपी (‘की’सारख्या पदाचा पदबंध) म्हणतात. ‘एस चालेल’ अशी निवड पहिल्या मांडणीत ‘की’सह उपवाक्य घेते, दुसऱ्या मांडणीत घेत नाही. एका लेखातली शब्दनोंद दुसऱ्या मांडणीत उचलून नेताना हे विसरू नये.

आता संगणकाची बाजू. इथे दोन कामे आहेत आणि त्यांची दिशा उलट आहे. एक: संक्षेप लिहिला की त्याचे वर्णन मिळावे. हे मॅक्रोचे काम. कार्पेंटर आणि पेन यांच्या एएलई या व्याकरण-प्रणालीमध्ये मॅक्रोची सोय याचसाठी आहे. नियम किंवा नोंद घेतानाच मॅक्रो उलगडला जातो. हे काम निश्चित आहे: एका संक्षेपाचा एकच विस्तार. दुसरे: तयार रचना दिली की नोडावर कोणते अक्षर लिहायचे ते ठरवणे. एलकेबीसारख्या प्रणालीत यासाठी लेबलांच्या नमुन्यांची वेगळी फाइल ठेवतात आणि ती फक्त वृक्ष दाखवताना लागते, विश्लेषण तिच्यावर चालत नाही. हे काम निश्चित नाही. एका नोडाला दोन नमुने लागू शकतात, किंवा एकही लागत नाही. मॅक्रोंचीच यादी उलटी फिरवून लेबलांसाठी वापरण्याचा मोह होतो. तसे करू नका, दोन फाइली वेगळ्या ठेवा. निवडीसाठी व्हीपीमध्ये ‘पदबंध’ ही अट नको, आणि दाखवताना मात्र ‘झोपू’वर व्ही दिसलेले बरे असते. क्रम लावून हे साधते: आधी व्ही, एन हे शब्दांचे नमुने, मग एस, एनपी, मग व्हीपी, नॉम, आणि शेवटी सगळ्यात सैल नमुने.

जुळणी कशी करायची हेही ठरवावे लागते. नमुना आणि नोड यांचे एकीकरण होते का, एवढेच बघितले तर सैल नोडाला काहीही जुळते. कॉम्प्स यादी मोकळी राहिलेली एखादी नोंद एसशीही एकरूप होते आणि व्हीपीशीही, आणि क्रमात जो आधी तो जिंकतो. म्हणून नमुन्यातली प्रत्येक माहिती नोडात आधीपासून असली पाहिजे, म्हणजे नमुन्याने नोडाला अंतर्भूत केले पाहिजे, ही कडक जुळणी पूर्ण झालेल्या विश्लेषणासाठी वापरावी. तिचा तोटा असा की अर्धवट नोंदींना लेबलच मिळत नाही. पण ‘लेबल नाही’ ही उपयोगी सूचना आहे: तिथे काहीतरी बांधायचे राहिले आहे. चुकीचे लेबल ही सूचना देत नाही.

तक्ता तपासायची रीत साधी आहे. वीसेक वाक्ये घ्या: अकर्मक, सकर्मक, ने-कर्त्याचे, ला-कर्त्याचे, ‘की’चे उपवाक्य असलेले, साहाय्यक क्रियापदाचे, पदक्रम उलटलेले. प्रत्येक नोडासाठी किती नमुने जुळतात ते मोजा. शून्य आले तर एक तर तक्त्यात ओळ नाही किंवा नियमाने न बनणारी रचना बनवली. दोन आले तर ते शब्द-पदबंध सीमेमुळे आहे का पाहा. नसेल तर एखाद्या ओळीत अट कमी आहे. मग उलट तपासणी: तक्त्यातली कोणती ओळ एकदाही वापरली गेली नाही?

आणि समन्वयाची वाक्ये या वीसांत नक्की ठेवा, कारण तिथे लेबल सर्वांत जास्त फसवते. ‘सारखे लेबल असलेले दोन पदबंध आणि-ने जोडता येतात’ असे शिकवले जाते. ‘घरी गेली’ आणि ‘पत्र लिहिले’ दोन्ही व्हीपी. पण पहिल्याच्या एसपीआरमध्ये प्रथमेतला कर्ता आहे आणि दुसऱ्याच्या एसपीआरमध्ये ने-कर्ता. ‘मुलगी’ हे एकच पद दोन्ही जागा भरू शकत नाही; म्हणून ‘मुलगी घरी गेली आणि तिने पत्र लिहिले’ असे म्हणावे लागते, किंवा दुसऱ्या भागात कर्त्याचा लोप मानून तिथे दोन एस जोडले आहेत असे धरावे लागते. नियमात लेबलांची बरोबरी लिहू नका. रूप, दोन्ही याद्या आणि गॅप यांना टॅग लावून त्या एकरूप करा. मग ‘मुलगी घरी गेली आणि झोपली’ व्हीपींचा समन्वय म्हणून जाते, आणि ‘गेली’ व ‘पत्र लिहिले’ यांना एकाच ‘मुलगी’खाली आणणारे विश्लेषण नियमातच अडते.